बर्फाचे डोहाळे

आमची अमू बर्फ खायची. चघळायची नाही, खायची. भाजलेले दाणे खावेत तसा. तिच्या तोंडातून कडाकडा आवाज यायचा आणि इकडे माझी कवळी शहारायची.

अमू म्हणजे आम्रपाली, माझी नात, मुलाची मुलगी. वारजेला राहते, घरात बसून कंपनीचं काम करते. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून आठव्या महिन्यात आमच्याकडे खडकीला आली. एका खांद्याला लॅपटॉप, दुसऱ्या हातात थर्मास. मी विचारलं, "यात काय, चहा?"

"बर्फ, आजी. मला राहवतच नाही गं. मीटिंग चालू असते आणि माझं लक्ष फ्रिजकडे."

मला आनंद झाला. डोहाळे! त्याच संध्याकाळी मी खाली जाऊन बर्फाचे ट्रे घेऊन आले.

ज्यांच्या घरात कुणाला दिवस गेलेत आणि ती काहीतरी विचित्र खातेय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांचं डॉक्टरांना विचारा. मी फक्त आमच्या घरात काय झालं ते सांगणार, आणि त्यात मी किती शहाणी निघाले तेही.

काय तेज आलंय!

आमचं बौद्ध घर. आमच्याकडे ओटीभरण नसतं, गर्भमंगल असतो. बौद्धाचार्य येतात, वंदना होते, पंचशील होतं, खीर वाटतात. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "धर्म घेतला त्या दिवशी जुनं सगळं गाठोडं बांधून टाकून दिलं." दिलं असेल. पण त्या गाठोड्यातून एक गोष्ट निसटली आणि आमच्या स्वयंपाकघरात राहिली. पोटुशीचे डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो! हे सासूबाईंनी मला सांगितलं, मी माझ्या सुनेला सांगितलं, आणि सून सरकारी कचेरीत नोकरीला असली तरी याबाबतीत तिनेही कधी कागदोपत्री पुरावा मागितला नाही.

अमूचा गर्भमंगल जरा उशिराच झाला, ती आल्यावर. मी खिरीच्या पातेल्याशेजारी स्टीलच्या वाडग्यात बर्फाचे खडे मांडले. बायका हसल्या. अमूही हसली आणि एकेक खडा उचलून खात बसली. समोरच्या ब्लॉकमधल्या बाई तिची हनुवटी धरून म्हणाल्या, "काय तेज आलंय गं चेहऱ्यावर! गोरीपान झालीस. मुलगी होणार बघ."

मी मानेला झटका देऊन म्हटलं, "आमच्या घराण्यातच आहे ते. मिलिंदच्या वेळी मी पण अशीच उजळले होते."

मिलिंद म्हणजे माझा मुलगा, अमूचा बाप. त्याच्या वेळची मी म्हणजे एक नमुनाच होते. वय वीस, अक्कल त्याहून कमी. मला पाटीवरच्या पेन्सिलींचे डोहाळे लागले होते. आमचे हे कारखान्यातून येताना पेन्सिलींचा डबा आणायचे. दुकानदाराने एकदा विचारलं, "मास्तर का तुम्ही?" यांना खरं सांगायची लाज वाटली, ते "हो" म्हणाले. तो दुकानदार त्यांना शेवटपर्यंत "नमस्कार मास्तर" म्हणत राहिला. मी इकडे क्वार्टरच्या दारात बसून पेन्सिली फस्त करायची आणि आरशात बघायची. ओठ पांढरे पडलेले, नखं पांढरी, गाल पांढरे. आणि त्या बाईला वाटायचं, आपण गोऱ्या झालो! पावडर लावणं बंद केलं तिने. दोन जिने चढून धाप लागली की कठड्याला टेकून उभी राहायची, पदर नीट करायची, कुणी बघतंय का ते बघायची. म्हणे मी नाजूक झाले!

पुढे मी त्याच कारखान्यात तपासणीला लागले. काडतुसांच्या नळ्यांवर केसाएवढी चीर असली तरी मला दिसायची. पण सगळी नोकरी करून निवृत्त झाले तरी आपल्या स्वतःच्या आरशातला सदोष माल काही मला ओळखता आला नाही. नातीच्या चेहऱ्यावरचाही नाही.

डॉक्टरीणबाई

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छोटं नर्सिंग होम आहे. अमूचं बाळंतपण तिथेच करायचं ठरलं होतं. घरापासून चालत जाता येतं, डबा गरम पोचतो, एवढा विचार आम्ही केला होता.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी अमूला आत घेतलं, बोटाने तिची खालची पापणी ओढली, तळहात उलटासुलटा केला आणि गप्प झाल्या. डॉक्टर बोलत असले की बरं वाटतं. गप्प झाले की आपल्याला आपल्या छातीचे ठोके ऐकू येतात.

"लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना?"

अमू नखं बघत म्हणाली, "घेत होते. मळमळायचं. पोट साफ व्हायचं नाही. मग थांबवल्या."

"थांबवल्या?" हे माझ्या सुनेने, वंदनाने विचारलं. अमूची आई. तिचा आवाज कचेरीतला होता, घरातला नव्हता. "कधी थांबवल्यास? कुणाला विचारून?"

"आई, इथे नको."

रक्त तपासायला दिलं. संध्याकाळी पुन्हा बोलावलं. हिमोग्लोबिन सातच्या आसपास. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि आम्हा तिघींकडे बघून विचारलं, "ही माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काही खाते का?"

अमूने माझ्याकडे पाहिलं. वंदनाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या फोटोकडे पाहिलं.

"बर्फ खाते," शेवटी मीच म्हटलं. "डोहाळे आहेत."

"आजी, हे डोहाळे नाहीत. अंगात लोह कमी झालं की कित्येकींना असली ओढ लागते. हिचं शरीर केव्हापासून सांगतंय."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी शब्दशः लक्षात ठेवलं आहे, कारण त्यानंतरचे सगळे दिवस ते माझ्या डोक्यात वाजत होतं. त्या म्हणाल्या, "बाळंतपणात प्रत्येकीचं रक्त जातं. जिच्याजवळ साठा असतो ती सोसते. हिच्याजवळ साठाच नाही. दुसरीला ज्याने नुसती चक्कर येईल, त्याने हिच्या जिवावर बेतू शकतं. कळा सुरू व्हायच्या आत आपल्याला हे वर आणायचं आहे. आणि मी हिला इथे घेणार नाही. माझ्याकडे रक्तपेढी नाही. मोठ्या हॉस्पिटलला नाव घाला, आजच."

खाली मिलिंद गाडीत थांबला होता; अमूला धाप लागते म्हणून त्याने एवढ्याशा अंतरालाही गाडी काढली होती. त्याने विचारलं, "काय म्हणाल्या?" वंदना म्हणाली, "आधी मोठ्या हॉस्पिटलला चल, नाव घालायचंय." त्याने गाडी चालू केली.

थोडं पुढे गेल्यावर वंदना समोर बघत म्हणाली, "आई, ते बर्फाचे ट्रे तुम्ही आणलेत ना?"

"हो."

"चार?"

"तीन."

"बरं."

आमच्या घरात भांडण एवढंच असतं. पण ते "बरं" मला रात्रभर पुरलं.

मधले दिवस

दुसऱ्या दिवसापासून वंदनाने घराचा ताबा घेतला. गोळी लिंबाच्या सरबताबरोबर. दूध आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. गोळीच्या आगेमागे चहा बंद. मी आजवर घरातल्या प्रत्येकाला प्रत्येक औषध गरम दुधाबरोबर किंवा चहाबरोबर दिलेलं होतं. दुधाबरोबर घेतलेलं अंगी लागतं, असं मला ठामपणे माहीत होतं. कुणी सांगितलं होतं ते मात्र माहीत नव्हतं.

चहाचा वास आला की अमूला चहा हवासा वाटायचा, म्हणून त्या वेळांना घरात कुणीच चहा करायचा नाही, असा हुकूम निघाला. मी मुकाट्याने मान्य केलं आणि समोरच्या ब्लॉकमध्ये जाऊन प्यायला लागले. एकदा परत आले तर वंदना दारातच उभी. "आई, विलायची घातली होती वाटतं आज?" मी म्हटलं, "तुझं नाक पोलिसात द्यायला हवं होतं."

जो येईल तो एक औषध सांगायचा. बीट खा. खजूर खा. लोखंडी कढईत भाजी करा. लोखंडाचा खिळा डाळीत टाका, असंही एकाने सुचवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मटण, अंडी, पालेभाज्या, गूळ, सगळं द्या. पण आता खाण्यावर भागणार नाही. उशीर झालाय." उशीर झालाय हा शब्द त्या अगदी सहज बोलल्या. आमच्यासारख्यांना तो घरी न्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. गोळ्यांनी शौचाला काळी होते. अमू पहिल्या दिवशी घाबरून बाहेर आली, तिला वाटलं आत कुठे रक्त जातंय. आम्ही डॉक्टरीणबाईंना फोन केला. तिकडून हसण्याचा आवाज आला. त्या आठवड्यात आम्ही ऐकलेलं ते पहिलं हसू. भिजवलेले अंजीर आणि भरपूर पाणी, हा त्यावर उपाय. गोळी सोडून देणं हा नव्हे.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. अमू तपासणीहून यायची तेव्हा प्रत्येक मजल्यावर थांबायची. मी मागे असायची. माझं वय झालेलं, माझे गुडघे गेलेले, आणि तरी तिची धाप माझ्यापेक्षा मोठी. एका दुपारी मी तिच्या डोक्याला तेल लावत होते. ती पुढ्यात बसली होती, मला तिचं तोंड दिसत नव्हतं. ती म्हणाली, "आजी, मी मरणार का गं?"

हात थांबला माझा. वाटलं, म्हणावं, काहीतरीच बोलू नकोस. आम्हा बायकांना हे वाक्य पाठ असतं. पण ती माझी नात आहे, खोटं पकडते.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मरायला नको म्हणून तर सगळं चाललंय."

तिने तेलाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "निखिलला नको सांगूस मी असं विचारलं म्हणून."

निखिल तिचा नवरा. तो रोज कामावरून सुटून वारजेहून खडकीपर्यंत गाडी मारत यायचा आणि जेवताना मोबाइलवर वाचलेलं सांगायचा. एकदा त्याने जिन्यात मला गाठून विचारलं, "आजी, खरं सांगा, तिला काही होणार नाही ना?" आणि लगेच, "तिला नका सांगू हं मी विचारलं ते." दोघांचीही गुपितं माझ्याकडे. मला म्हातारीला दोन्ही बाजूंनी तोंड बंद ठेवायची शिक्षा.

काळं सलाइन

मोठ्या हॉस्पिटलात ठरलं की लोह शिरेतून द्यायचं. दिवसाआड जायचं, पलंगावर पडायचं, सलाइन संपलं की घरी. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात सिस्टरनी ती बाटली टांगली तेव्हा मी पलंगापासून एक पाऊल मागे सरले. उकळून उकळून आटलेल्या कोऱ्या चहासारखा रंग. अमू म्हणाली, "आजी, तुझा चहा." मी हसले. ती हसली नाही.

थोडंसं आत गेलं असेल नसेल, ती म्हणाली, "छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतंय." चेहरा लालबुंद झाला, मानेवर चट्टे उठले. वंदना उठून ओरडली, "सिस्टर!" तिचा आवाज अख्ख्या मजल्यावर गेला असेल. सिस्टर धावत आल्या, सलाइन बंद केलं, डॉक्टर आले, नाडी धरली, पोटावर यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकवले. ठोके चालू होते. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि माझ्या मनात एकच हिशोब चालला होता. हे औषध हिला सोसलं नाही तर पुढे काय? गोळ्यांना वेळ नाही. वेळ तर पोटातल्या बाळाच्या हातात.

पुष्कळ वेळाने लाली उतरली. डॉक्टर म्हणाले, "कधीकधी असं होतं, वेगामुळे. पुन्हा देऊ, अगदी सावकाश. मी इथेच थांबतो." आणि खरोखर थांबले, खुर्ची ओढून. दुसऱ्यांदा काही झालं नाही. थेंब थेंब पडत राहिला. अमूने डोळे मिटून घेतले होते, पण झोपली नव्हती. तिची पायाची बोटं हलत होती. लहानपणी इंजेक्शन घेतानाही अशीच हलायची.

पुढच्या खेपांना आम्ही सराईत झालो. मी शेंगदाण्याचा लाडू आणायची, वंदना कचेरीतलं काम आणायची. शेजारच्या पलंगावर धायरीची एक मुलगी असायची, तिला पाचवा महिना होता. तिच्या सासूने मला विचारलं, "तुमची काय खाती हो? आमची भिंतीचा चुना खरवडती. म्या म्हनलं, डोहाळं हायती, खाऊ दे." मी म्हटलं, "बाई, डॉक्टरांना सांगितलंत का?" नव्हतं सांगितलं. मी सिस्टरना हाक मारली.

तयारी

बाळंतपणाची तयारी म्हणजे आमच्या काळी जुन्या लुगड्यांचे तुकडे धुऊन ठेवायचे आणि कळा आल्या की ओरडायचं. आता शिकवणी असते. अमू मोबाइलवर बघून श्वास घ्यायची. आत, थांब, बाहेर. निखिलही बरोबर घ्यायचा. एकदा त्यालाच चक्कर आली.

मी म्हटलं, तुम्ही श्वासच घेत बसा, खाली बसायची सवय करा. आणि दाखवायला म्हणून उकिडवी बसले. बसले ते बसलेच. मला उठवायला दोघे लागले. अमू एवढी हसली की पोट धरून पलंगावर पडली. त्या महिन्यातला तो माझा सगळ्यात उपयोगी उद्योग.

मिलिंद फारसा बोलत नाही. तो रोज वेगळ्या वेळेला गाडी काढून हॉस्पिटलपर्यंत जाऊन यायचा. कुठला सिग्नल कधी तुंबतो, कुठून वळसा घ्यायचा, याची त्याने तालीम केली. विचारलं तर म्हणायचा, "भाजी आणायला गेलो होतो." भाजी कधी आली नाही.

दरम्यान एक चमत्कार झाला. अमूने बर्फ मागणं सोडलं. आपोआप. एके सकाळी वंदनाने फ्रिज उघडला, ट्रे भरलेले होते. तिने मला हाक मारून दाखवले. आम्ही दोघी उघड्या फ्रिजसमोर उभ्या राहिलो.

पुन्हा रक्त तपासलं. नवाच्या जरा खाली. मी पेढे आणायला निघाले होते. डॉक्टर म्हणाले, "चांगलं वाढलंय. पण दहाच्या पुढे गेलं असतं तर मी निर्धास्त असतो. अजून दोन-तीन आठवडे मिळाले तर बघू."

ते मिळाले नाहीत.

थेंब

दुपारची जेवणं झाली होती. अमू ताट उचलायला उठली आणि तशीच उभी राहिली. "आई, पाणी जातंय."

वंदनाने ताट तिच्या हातातून काढून घेतलं. मिलिंदच्या तालमीचा उपयोग झाला, आम्ही कुठेही अडकलो नाही. गाडीत अमू श्वास मोजत होती. मी तिचा हात धरला होता आणि मला तो गार लागत होता. उगाचच लागत असेल.

तिला आत नेलं. निखिल पोचला. मग एक डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "हिच्या गटाच्या पिशव्या राखून ठेवल्या आहेत. लागल्या तर वापरू. तुमच्यापैकी कुणी रक्तदान केलंत तर पेढीला बरं पडेल."

निखिल निघाला. मिलिंद निघाला. वंदना निघाली. मीही निघाले. रक्तपेढीतल्या मुलीने माझ्याकडे पाहून विचारलं, "आजी, वय?"

"तुला किती वाटतं?"

"आजी, बसून घ्या."

मिलिंदला रक्तदाबाच्या गोळ्या चालू, तोही खुर्चीत. निखिलचं घेतलं. वंदनाचं बोट टोचलं. तिथे एका पेल्यात निळं पाणी होतं. त्या मुलीने वंदनाच्या रक्ताचा थेंब त्यात सोडला. थेंब खाली बुडला तर रक्त चांगलं. निखिलचा दगडासारखा तळाला गेला होता. वंदनाचा थेंब जरासा खाली गेला, थांबला, आणि वर तरंगत आला.

मुलीने पुन्हा करून बघितलं. पुन्हा वर.

"ताई, तुमचं घेता येणार नाही. तुमचंच कमी आहे. डॉक्टरांना दाखवून घ्या."

वंदना त्या पेल्याकडे बघत राहिली. "माझं? काहीतरी चुकतंय. मी रोज कामाला जाते."

जशी काही रक्ताला हजेरी लागते! पण त्या वेळी मला हसू आलं नाही. मला एकदम आमचं स्वयंपाकघर दिसलं. सकाळी ओट्याशी उभ्या उभ्या चहात बुडवलेली दोन बिस्किटं. दुपारी कचेरीत अर्धा डबा. रात्री सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरेल ते. महिनाभर तिने अमूच्या ताटात मटण वाढलं, माझ्या ताटात वाढलं. तिच्या ताटात रस्सा पाहिल्याचं मला आठवतंय. फोड पाहिल्याचं आठवत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी तशीच जेवायची, तिने बघितलं, एवढंच.

आम्ही प्रसूतिकक्षाबाहेरच्या बाकावर येऊन बसलो. निखिलला आत बोलावून घेतलं होतं. आतून अमूचा आवाज येत होता. मग आवाज वाढला, मग एकदम थांबला. मग बाळ रडलं.

आम्ही उठलो. दार उघडेल म्हणून उभे राहिलो. उघडलं, पण निखिल बाहेर आला तो पांढरा पडलेला. "मुलगी झाली," तो म्हणाला. "मला बाहेर जा म्हणाले. वार पडली, पण रक्त थांबत नाहीये."

एक सिस्टर आमच्या अंगावरून पळत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात रक्ताची पिशवी. दार बंद झालं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, जिच्याजवळ साठा असतो ती सोसते. मी मनात अमूचा साठा मोजत होते. प्रत्येक सलाइन, प्रत्येक गोळी, प्रत्येक अंडं. पुरेल का? पुरेल ना? त्रिशरण म्हणायला लागले तर दुसऱ्या ओळीच्या पुढे आठवेना. सत्तर वर्षं म्हणतेय मी ते.

वंदना हळूच म्हणाली, "आई, मी सगळ्यांना बोलले. अमूला बोलले, तुम्हाला बोलले. आणि माझ्यातच रक्त नाही."

"ओरडायला रक्त लागत नाही," मी म्हटलं. "नाहीतर तू केव्हाच गप्प झाली असतीस."

ती हसायला गेली आणि रडायला लागली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. फार हलकं डोकं. एवढं हलकं असू नये.

किती वेळ गेला ते मी घड्याळात पाहिलं नाही. दार उघडलं. डॉक्टरांच्या एप्रनवर डाग होते, पण चेहरा सैल पडला होता. "थांबलं. एक पिशवी लागली, दुसरी लावतोय. आता ठीक आहे ती." आणि जाता जाता म्हणाल्या, "महिन्यापूर्वीचं हिमोग्लोबिन घेऊन आली असती ना, तर आज आपण वेगळं बोलत असतो."

मिलिंद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मग तो म्हणाला, "मी भाजी घेऊन येतो," आणि निघून गेला.

सकाळ

सकाळी सिस्टरनी अमूला उठवून बसवलं. चेहरा सुजलेला, केस विस्कटलेले, दिसायला अगदी भयंकर. ओठांवर मात्र रंग होता. फिकट, पण रंग. मी बाळाआधी तिचे ओठ पाहिले, हे कुणाला सांगू नका.

तिला उभी करताना मी दोन्ही हात पुढे धरले. ती पलंगाची कड धरून उभी राहिली, थांबली, चक्कर येते का बघितलं. "सोड गं आजी, मी जाते," म्हणाली आणि सिस्टरच्या आधाराने पाय घासत बाथरूमपर्यंत गेली. गोळ्या अजून कित्येक महिने घ्यायच्या आहेत. आता ती थांबवणार नाही. थांबवल्या तर मी आहे.

मिलिंदने डबा आणला होता. ज्वारीची भाकरी, मेथी, अंड्याची भुर्जी. वंदना ताटं मांडायला लागली. अमूला वाढलं, निखिलला वाढलं, माझ्यापुढे ताट सरकवलं, आणि डबा झाकायला लागली. "मी नंतर खाते, कचेरीत फोन करायचाय."

अमू बाळाला पाजत होती. मान न उचलता म्हणाली, "आई, बस."

"अगं, खाते ना."

"आत्ता. माझ्यासमोर."

मी माझं ताट उचलून वंदनाच्या मांडीवर ठेवलं. तिने आधी नेहमीप्रमाणे भुर्जी बाजूला सारली. मी ती पुन्हा मधे ओढली. तिने घास घेतला. मग दुसरा.

"आई, अशा डोळे वटारून बघू नका. घास उतरत नाही."

"उतरेल," मी म्हटलं, आणि बघत राहिले.